टोपी एकदा विकते, नमुना पुन्हा पुन्हा

रमजानच्या महिनाभर आधीपासून आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत पांढऱ्या दोऱ्याची गुंडी बाहेर निघते. जोहरची नमाज झाली, जेवणाची भांडी आवरली, की ओटीवर नाहीतर खिडकीशी बसून सुई चालू होते. कुणी मुलासाठी जाळीची टोपी विणते, कुणी कुरआन शरीफसाठी जुजदान, कुणी लेकीच्या नव्या संसारासाठी रुमाल आणि तोरण. या कामाला आपण उर्दूत क्रोशिया म्हणतो, मराठीत क्रोशा. मूळ शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘लहानसा आकडा’ एवढाच आहे.

या विणकामातून चार पैसे मिळवणाऱ्या भगिनीही आपल्यात आहेत. ईदच्या आधी दहा-वीस टोप्या दुकानात नेऊन देतात आणि हातावर पडेल ते घेतात. या महिन्यात मला मुख्यतः त्यांच्याशी आणि त्यांच्या शिकलेल्या लेकी-सुनांशी बोलायचे आहे. आपण विणलेली टोपी विकतो. ती कशी विणायची, ही माहिती मात्र आपण कधी विकत नाही. ती विकता येते, हेच अनेकींना माहीत नसते. नमुना स्वतः रचायचा, नीट लिहून काढायचा आणि तो लिहिलेला नमुना स्वतःच्या नावाने विकायचा, हा आज जगभर अनेक बायकांचा व्यवसाय आहे. त्याला दुकान लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही आणि घराबाहेरही फारसे पडावे लागत नाही.

हे आताच का लिहिते, तर आपल्या भागात घरखर्चाचे दोन मोठे आधार: आखातातून येणारा पैसा आणि नारळ-सुपारीची वाडी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले आणि एका दुपारी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेली सुपारी फळाला यायला पाच-सात वर्षे जातात. कोरोनाच्या त्याच वर्षी आखातातल्या नोकऱ्या सोडून कितीतरी माणसे घरी परतली. तेव्हापासून अनेक घरांत बाईची कमाई हा शौक राहिला नाही, ती गरज झाली. आणि बाईने कमावलेल्यावर तिचाच हक्क असतो, हे आपल्या घरांत कुणी नव्याने सांगायला नको.

विणणारी आणि नमुना करणारी

विणणारीचे काम आणि नमुना करणारीचे काम यांत काय फरक पडतो, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागेल. एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर नावाची एक बाई १८४६ पासून लंडनमध्ये क्रोशाच्या नमुन्यांच्या पुस्तिका छापू लागली. १८५१ मध्ये लंडनला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात तिच्या कामाला पदक मिळाले. त्याच काळात आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ आला होता, आणि तिथल्या हजारो स्त्रियांनी क्रोशाची लेस विणून पोरांच्या तोंडात घास घातला. त्या स्त्रियांचे हात काही कमी कसबी नव्हते. पण आज पावणेदोनशे वर्षांनी पुस्तकांत नाव सापडते ते रिएगोचे. तिने नमुना कागदावर उतरवला आणि खाली स्वतःचे नाव घातले.

आपल्या देशातले उदाहरण आंध्रातल्या नरसापूरचे. गोदावरीच्या काठच्या या भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली आणि घराघरांत ती विणली जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या बायकांवर १९८२ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दाखवले की या बायका तासन्‌तास लेस विणतात, ती लेस परदेशी जाते, व्यापाऱ्यांची भरभराट होते, पण विणणाऱ्या बाईला कुणी कामगार मानत नाही. ती ‘घरी बसलेली गृहिणी’ असते आणि तिला मजुरीही तशीच मिळते. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मिळाले आहे ना, तेच. गावाचे नाव राखले गेले, ही चांगली गोष्ट झाली. पण मानांकन गावाला मिळते. एकेका बाईच्या हातातून निघालेल्या नव्या नक्षीवर तिचे नाव लागायचे असेल, तर ते काम तिचे तिलाच करावे लागते.

आणखी जवळ यायचे तर बोहरा घरांत पाहा. बोहरा पुरुषांची पांढरी, सोनेरी कडेची टोपी क्रोशानेच विणतात. मुंबईत आणि इतरत्र बोहरा बायका ती घरी विणून विकतात. एकेका टोपीला किती तरी दिवस लागतात. त्या सोनेरी पट्टीतली नक्षी टाके मोजून बसवलेली असते. म्हणजे चौकटीच्या वहीत एकेक घर रंगवून ती जशीच्या तशी मांडता येईल. कागदावर मांडलेली अशी नक्षी म्हणजेच नमुना.

‘हाताला माहीत आहे’

आमच्या शाळेतून बाहेर पडलेली एक मुलगी मागच्या वर्षी माझ्याकडे आली. आता ती बी.कॉम. करते. म्हणाली, “टीचर, दादी टोपी इतकी सुरेख विणते. पण किती टाके घालतेस विचारले, तर म्हणते, मला काय ठाऊक, हाताला माहीत आहे.” 

दादीचे उत्तर खरेच होते. पण हाताला माहीत असलेले दुसऱ्याला देता येत नाही, आणि दादीचे हात थकले की ते तिच्याबरोबरच जाते. मग आम्ही दोघी दादीची एक टोपी आणि मोजपट्टी घेऊन बसलो. तेव्हा जे सापडले ते इथे मांडते, कारण नमुना लिहिणे म्हणजे काय हे त्यातून चटकन कळेल.

आधी शब्द पाहू. मराठीत क्रोशाच्या टाक्यांना नावे आहेत: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. टोपीचा माथा खांबांचा होता. पहिल्या फेरीत १२ खांब होते. पुढच्या फेरीत २४, मग ३६, मग ४८. दर फेरीला १२ वाढत होते. बाराच का? सातवीतले गणित आठवा. वर्तुळाची त्रिज्या वाढली की परीघ तिच्या सव्वासहा पट वाढतो. आमच्या दोऱ्याचा एक खांब उंचीला १ सेंटिमीटरला थोडा कमी होता आणि रुंदीला अर्धा सेंटिमीटर. म्हणजे एका फेरीने परीघ सुमारे ६ सेंटिमीटर वाढतो आणि तेवढ्या जागेत १२ खांब बसतात. दादीने हे गणित कधी केले नव्हते, पण तिचा हात ते अचूक करत होता. 

बाराऐवजी आठच वाढवले तर माथा वाटीसारखा वर येतो. अठरा वाढवले तर कडेला झालर पडते. दाइना ताइमिना या गणिताच्या प्राध्यापक बाईंनी १९९७ मध्ये याच झालरीचा उपयोग करून भूमितीतली एक अवघड वक्र पातळी क्रोशाने विणून दाखवली. कागदावर जे विद्यार्थ्यांना कळत नव्हते, ते विणलेल्या तुकड्यावरून त्यांच्या हाताला कळले.

आता डोक्याचे माप घ्या. आमच्या तुकड्यात १० सेंटिमीटरमध्ये २० खांब बसत होते. डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर असेल, तर टोपी थोडी ताणून बसावी म्हणून २ सेंटिमीटर कमी धरायचे. उरले ५४. म्हणजे १०८ खांब. बाराने भागले की ९. म्हणून नऊ फेऱ्या वाढवत जायचे, मग न वाढवता सरळ खाली उतरायचे. लहान मुलाचे डोके ५० सेंटिमीटर असेल तर ९६ खांब, म्हणजे आठ फेऱ्या. मधले ५३ चे माप हवे असेल तर १०२ खांब लागतात. आठ फेऱ्यांनंतर एका फेरीत फक्त सहाच वाढवायचे. झाली तीन मापांची टोपी. 

हे सगळे त्या मुलीने एका पानावर लिहिले आणि दादीला वाचून दाखवले. दादी म्हणाली, “एवढे सगळे मी करते?”

नमुना कसा लिहावा

चांगल्या लिहिलेल्या नमुन्यात काही गोष्टी असतातच. दोरा कोणता आणि किती ग्रॅम, सुई किती मिलिमीटरची, तयार वस्तूचे माप, आणि १० सेंटिमीटरच्या चौकोनात किती टाके व किती ओळी. हा चौकोनी तुकडा फार महत्त्वाचा. कुणी घट्ट विणते, कुणी सैल. तुकड्याचे माप दिले नाही तर तुमची ५६ ची टोपी दुसरीच्या हातात ६० ची होते आणि दोष तुमच्या नमुन्याला येतो.

मग एकेक फेरी लिहायची आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी कंसात एकूण टाके द्यायचे. उदाहरणार्थ:

फेरी १: गोलात १२ खांब. (१२)
फेरी २: प्रत्येक खांबात २ खांब. (२४)
फेरी ३: एका खांबात १, पुढच्यात २, असे फेरी संपेपर्यंत. (३६)
फेरी ४: दोन खांबांत एकेक, तिसऱ्यात २, असे फेरी संपेपर्यंत. (४८)

कंसातला आकडा म्हणजे विणणारीसाठी मैलाचा दगड. ती चुकली तर लगेच कळते, पाच फेऱ्या उसवाव्या लागत नाहीत.

इंग्रजीत नमुना लिहिणार असाल तर एक खाचखळगा सांभाळा. अमेरिकन आणि ब्रिटिश नावे वेगळी आहेत. आपला मुका खांब अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ आणि ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’. आपला खांब अमेरिकेत ‘डबल’ आणि ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. एकच शब्द दोन देशांत दोन टाक्यांना लावतात. म्हणून कोणती पद्धत वापरली ते पहिल्याच पानावर लिहावे. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांनी चिन्हांचा आराखडा शिकून घ्यावा. साखळीला लांबट गोल, मुक्या खांबाला फुली किंवा अधिकचे चिन्ह, खांबाला मध्ये तिरकी रेघ असलेला टी. जपानी पुस्तकांतले नमुने अशाच चिन्हांत असतात. ती चिन्हे ज्याला येतात त्याला भाषा आडवी येत नाही. मुरूडच्या बाईने काढलेला आराखडा टोकियोची बाई विणू शकते.

लिहून झाले की लगेच विकायला काढू नका. ज्यांनी ती वस्तू कधी पाहिलेली नाही अशा तीन-चार जणींना नमुना द्या आणि विणायला सांगा. तुम्ही शेजारी बसू नका, काही समजावू नका. त्या जिथे अडतील ती ओळ दुरुस्त करा. आम्ही मास्तरणी प्रश्नपत्रिका काढतो तेव्हा दुसऱ्या शिक्षिकेला सोडवायला देतो, तसेच हे आहे. या जणींचे आभार नमुन्यात नावानिशी मानावेत आणि जमले तर दोऱ्याचा खर्च द्यावा.

हिशेब

आता पैशाचे बोलू. समजा, एका जाळीच्या टोपीला बारा तास लागतात आणि ती २५० रुपयांना जाते. दोऱ्याचे ६० वजा केले तर १९० उरले. तासाला सोळा रुपये. त्याच टोपीचा नमुना लिहायला, फोटो काढायला, तपासून घ्यायला चाळीस तास लागले आणि त्याची किंमत १५० रुपये ठेवली. पाच प्रती गेल्या तर ७५० रुपये, म्हणजे तासाला एकोणीस. इथपर्यंत टोपी आणि नमुना सारखेच. वीस प्रती गेल्या तर ३,००० रुपये, तासाला पंच्याहत्तर. आणि एकविसाव्या प्रतीला पुन्हा काही विणावे लागत नाही. टोपी एकदा विकली की संपली, नमुना पुढच्या रमजानलाही विकता येतो.

पण पहिल्या नमुन्याच्या वीस प्रती जातीलच असे नाही. फुकट नमुने जगात ढिगाने आहेत. सुरुवातीचे वर्ष-दीड वर्ष फारसे हाती लागत नाही असे धरूनच चालावे आणि टोप्या विकणे बंद करू नये. ‘महिन्यात घरबसल्या लाखो कमवा’ म्हणून शिकवणीची फी मागणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे.

विक्रीची ठिकाणे बरीच आहेत. एट्सी २००५ मध्ये सुरू झाले, रॅव्हलरी २००७ मध्ये. रॅव्हलरी तर खास विणकाम आणि क्रोशा करणाऱ्यांचेच आहे. दोन्हीकडे नमुन्याची फाइल विकता येते. परदेशातून पैसे घ्यायचे तर पॅन कार्ड आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते लागते. ते भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावाचे नको, आपल्याच नावाचे काढावे. गावातल्या गावात यूपीआयवर पैसे घेऊन फाइल पाठवता येते. उद्यम नोंदणी आधार कार्डावर विनामूल्य होते. बचत गटात असाल तर उमेद आणि माविमच्या ताईंना विचारा. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचत गटांचा माल असतो. तिथे टोप्यांच्या शेजारी छापील नमुना आणि दोऱ्याची गुंडी असा संच ठेवला तर तोही विकता येईल.

नाव आणि हक्क

शेवटचा भाग कायद्याचा, पण तो वाचल्याशिवाय पान उलटू नका.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तुम्ही लिहिलेला नमुना, काढलेला आराखडा, घेतलेला फोटो यांवर तो तयार झाल्या क्षणापासून तुमचा हक्क असतो. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर तंट्याच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते. मात्र हक्क तुमच्या लिखाणावर असतो. खांब, साखळी, गोल माथ्याचे गणित ही कुणाच्या मालकीची नव्हेत. अननसाची नक्षी जगभर विणतात, ती कुणी ‘माझी’ म्हणू शकत नाही.

एखाद्या कंपनीने किंवा दुकानदाराने नमुने मागितले तर सही करण्याआधी कागद वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. हक्क दुसऱ्याला देणे लेखीच असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. ‘सर्व हक्क कायमचे’ असे लिहिलेले असेल तर मोबदलाही त्या हिशेबानेच मागा. नोकरीत असताना मालकासाठी केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो.

हा हक्क दोन्ही बाजूंनी चालतो. एक जण शंभर रुपये देऊन नमुना घेते आणि व्हॉट्सॲपच्या गटावर टाकते. गटात दोनशे बायका. सगळ्या ‘जजाकल्लाह’ म्हणतात आणि विणायला बसतात. ज्या बाईने चाळीस तास खर्चून तो लिहिला, ती दूर कुठे पुण्यात किंवा पोलंडमध्ये असेल, आपल्याला दिसत नाही. पण कामवालीची मजुरी बुडवणे आपल्याला चालत नाही, तर हेही चालू नये. उद्या आपला नमुना असाच फिरला तर काय वाटेल, एवढा विचार फाइल पुढे पाठवण्याआधी करावा.

आणि घरातल्या मोठ्यांचा हक्क तर सगळ्यात आधी. दादीची, नानीची, शेजारच्या खालाची टोपी मोजून तुम्ही नमुना लिहिलात, तर गणित तुमचे, शब्द तुमचे, पण हात त्यांचा आहे. पहिल्या पानावर त्यांचे नाव घाला आणि पैसे आले तर त्यांचा वाटा काढा. माझ्याकडे आलेल्या त्या मुलीने तसेच केले. तिचा नमुना मराठी आणि उर्दू दोन्हींत आहे, वर दादीचे नाव आहे, खाली तिचे. आतापर्यंत अकरा प्रती गेल्यात. फार नाहीत. पण दादी आता नवीन टोपी सुरू केली की टाके मोठ्याने मोजते आणि नातीला म्हणते, लिही.

या सुट्टीत एक काम करा. घरातली एक जुनी, चांगली विणलेली वस्तू काढा. मोजपट्टी, वही आणि पेन्सिल घ्या, आणि जिने ती विणली ती हयात असेल तर तिच्या शेजारी बसा. पहिल्या फेरीत किती टाके आहेत ते मोजा. वहीत लिहा. मग दुसरी फेरी मोजा.